लंडनच्या बसमध्ये चढण्याआधी
लंडनच्या बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत. काँटॅक्टलेस कार्ड टेकवायचं. नवरा-बायकोत एक कार्ड चालत नाही, प्रत्येकाचं वेगळं हवं, आणि दिवसभर तेच वापरायचं. दिवसभरात कमाल भाड्याच्या ठराविक मर्यादेपलीकडे पैसे कापले जात नाहीत; मध्येच कार्ड बदललंत तर हा फायदा जातो. ट्यूबमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, आत शिरताना आणि बाहेर पडताना टेकवा, बसमध्ये फक्त चढताना. तासाभरात दुसरी बस पकडली तर पुन्हा भाडं पडत नाही. ११ वर्षांखालची मुलं बसमध्ये फुकट.

मला विचाराल तर जमिनीखालून जाण्यापेक्षा बसच घ्या. ट्रफाल्गर स्क्वेअरहून १५ नंबरची पकडा, वरच्या मजल्यावर अगदी पुढची सीट धरा. सेंट पॉल्स कॅथेड्रलचा भव्य घुमट बघत टॉवर ऑफ लंडनला उतरता येतं.