पोरं साठ, पण प्लॉट दोनच

पीएचडीला नवीन लागलेल्यांसाठी लिहायलोय, दुसऱ्या विषयाची पद्धत आपल्यात आणण्याबद्दल. मी शिक्षणशास्त्राचा. कोर्सवर्कमधी रँडमायझेशन, म्हणजे कुणाला काय द्यायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवणं, पाठ केलं, पण डोक्यात शिरलं ते परभणीला, कृषी विद्यापीठात एमएस्सी करणाऱ्या मावसभावाच्या सोयाबीनच्या प्लॉटवर, भर उन्हात. तो म्हणला, एकाच रानात वरच्या अंगाला मुरूम अन् खालच्या अंगाला काळी, मग चांगलं खत काळीतच टाकून उतारा जास्त आला म्हणायचं ही फसवणूकच की, म्हणून आधी सारखी जमीन बघून ब्लॉक पाडायचे अन् ब्लॉकच्या आत चिठ्ठ्या टाकायच्या.

हे रोनाल्ड फिशर ह्या संख्याशास्त्रज्ञानं इंग्लंडात रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्राच्या शेतांवर बसवलं, १९२५ साली त्याचं पुस्तक आलं. पुढं डॉक्टर लोकांनी उचललं, १९४८ ची टीबीवरची स्ट्रेप्टोमायसिनची ट्रायल. पण जसंच्या तसं नाही. सोयाबीनला कोणतं खत पडलं ह्याचं काही देणंघेणं नसतं, तपासणाऱ्या माणसाचं मन मात्र झुकतं, म्हणून तिथं एक्सरे बघणाऱ्यांना औषध कुणाला दिलंय ते सांगितलंच नव्हतं. अर्थशास्त्रात तर गरिबीवरच्या असल्याच प्रयोगांसाठी बॅनर्जी, डुफ्लो अन् क्रेमरला २०१९ ला नोबेलच मिळालं.

मी काय केलं, नुसता फॉर्म्युला उचलला. एका शाळेच्या दोन तुकड्या धरल्या, अ ला नवीन वाचनकार्डं, ब ला नाही. दुसऱ्याच आठवड्यात कार्डांचे झेरॉक्स ब मधी! फरक शून्य. मावसभाऊ लई हसला. म्हणला, तुझी बॉर्डर कुठंय? त्यांच्यात कडेची तासं वजनात धरतच नाहीत, शेजारच्या प्लॉटचं खत-पाणी झिरपतं म्हणून. अन् वरून, पोरं साठ असली तरी तुकड्या म्हणजे प्लॉट दोनच ना, रेप्लिकेशन, म्हणजे तेच खत बऱ्याच प्लॉटवर टाकून बघणं, कुठंय?

तर दुसऱ्या विषयाची पद्धत घेताय तर त्या लोकांत एक दिवस जाऊन बसा, अन् ते काय टाकून देतात ते विचारा, पेपरमधी ते एका ओळीत उरकलेलं असतं. अजून एक, कमिटीपुढं जाताना आपल्याच विषयात ती आधी कुणी वापरली ह्याचं एक तरी उदाहरण जवळ ठेवा, नाहीतर "हे शेतीचं इथं कशाला" ह्यातच अर्धा तास जातो, माझा गेला.

नंतर मी जिल्हा परिषदेच्या बारा शाळा घेतल्या, गावागावांत अंतर ठेवून, चिठ्ठ्या शाळांच्या टाकल्या, पोरांच्या नाही. एसटीनं फिरून फिरून जीव गेला. अन् दोन्ही गटांतले चार मास्तर तालुक्याहून एकाच जीपनं अपडाऊन करतात, हे मला शेवटच्या महिन्यात कळलं.