ल्युकेमियाच्या केमोत शुगर वाढली, तर घरी काय कराल?

घरात कुणाला मधुमेह नाही, आणि केमो सुरू होऊन दोन आठवडे होतात न होतात तोच मुलाची शुगर तीनशेच्या घरात! अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरवरच्या उपचारांच्या पहिल्या महिन्यात असं होऊ शकतं. प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड इन्सुलिनचा जोर कमी करतं, आणि अॅस्परॅजिनेज या केमोच्या औषधाच्या इंजेक्शनमुळे इन्सुलिन मुळात कमी तयार होतं. लाडू खाल्ल्यानं हे झालेलं नाही, हे आजीला आधी सांगा.

ग्लुकोमीटर आणा. बोट टोचण्याआधी हात साबणानं धुऊन कोरडे करा. मोसंबी सोललेल्या बोटावर आकडा उगाच फुगतो. खरी गोम वेळेत आहे. स्टेरॉइड सकाळी घेतलं की शुगर दुपारनंतर चढते. उपाशीपोटी ९५ बघून निर्धास्त व्हावं, तर संध्याकाळी २८०! म्हणून डॉक्टरांना विचारून दुपारी आणि रात्री जेवणाआधीही तपासा. आकडा, वेळ, काय खाल्लं, सगळं वहीत लिहा.

स्टेरॉइड स्वतःहून बंद करू नका, ते ल्युकेमियावरचंच औषध आहे. मुलाला उपाशीही ठेवू नका. या दिवसांत भूक अशी लागते की पोर रात्री दोनला पोळी मागतं. द्या, सोबत वरण किंवा नीट उकडलेलं अंडं. बंद करायचं ते सरबत, पॅकबंद ज्यूस आणि भेटायला येणाऱ्यांनी आणलेली ग्लुकोजची पावडर.

डॉक्टर बहुधा इन्सुलिन देतील. ते कायमचंच असेल असं नाही, स्टेरॉइड थांबल्यावर अनेकांचं सुटतं. पण सावध राहायचं ते तेव्हाच: स्टेरॉइड कमी झालं आणि इन्सुलिन तेवढंच राहिलं, तर शुगर धाडकन उतरते. घाम, थरथर, आकडा ७० च्या खाली? मोठ्या मुलाला तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. लहानग्यासाठी किती, ते आधीच विचारून ठेवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

सारख्या उलट्या, पाठीपर्यंत जाणारी पोटदुखी, खूप तहान-लघवीसोबत सुस्ती किंवा १००.४ ताप असेल, तर सकाळची वाट बघू नका.

रक्त चढवलेलं असेल तर तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीए१सी चाचणी फसवते. तपासणीला जाताना वही न्या.