पेपरच्या जाहिरातीत काळा रंग भरण्याआधी

दारव्हा-दिग्रसकडे जाहिरातीचं काम म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊकच असेल. डीटीपीचं दुकान, कोरेल हे डिझाइनचं सॉफ्टवेअर, मृग लागायच्या आधी कृषी केंद्रांची गर्दी, पोळ्याला आणि दिवाळीला शुभेच्छांची. देवाचा फोटो, मालकाचा फोटो, फुटलेलं बोंड आणि चार मोबाइल नंबर. याच्या बाहेर काही करून बघायचं असेल तर आधी एवढं लक्षात घ्या: पेपरवाले जागा किती याचे पैसे घेतात, ती उभी की आडवी याचे नाही.

आमच्याकडे एका बोअरवाल्याची जाहिरात आली होती. पाच कॉलम रुंद, १० सेंमी उंच घेतली असती तर ती चारचौघींसारखीच दिसली असती. जवळपास तेवढ्याच जागेत एक कॉलम रुंद आणि ५० सेंमी उंच पट्टी बसते, म्हणजे पानाच्या डोक्यापासून पायापर्यंत सरळ बोअर. वर इवलीशी गाडी, तळाशी ओळ: ‘पाणी किती खोल आहे ते सांगत नाही. खोदतो मात्र सरळ.’ मालकाचा पहिला प्रश्न, “मधात एवढी जागा रिकामी काऊन सोडली ताई? पैसे तर पुऱ्या जागेचे देऊन राह्यलो ना?” मी विचारलं, बोअरच्या मधात काय असते? मग मान्य झाला.

आता जिथे मी आपटले ते. आपल्या भागात खाली काळा पाषाण, म्हणून पट्टी काळी. काळा गच्च दिसावा म्हणून त्यात चारही शाया भरल्या आणि त्यावर बारीक पांढऱ्या अक्षरात नंबर. स्क्रीनवर झकास. छापून आली तेव्हा वेलांट्या बुजलेल्या, अक्षरांना लालसर किनार, आणि आठ, सहा, तीन हे आकडे एकसारखे गोळे. फोन कोण कुठे लावणार?

कारण नीट समजून घ्या, कारण हे कुणी शिकवत नाही. रंगीत पान चार प्लेटांनी छापलं जातं, एकेका शाईची एकेक: निळी, मॅजेंटा (गडद गुलाबी), पिवळी, काळी. पांढरं अक्षर म्हणजे शाई नसलेली जागा, आणि ती चारही प्लेटांवर अगदी एकाच ठिकाणी मोकळी राहावी लागते. एक प्लेट केसभर सरकली की तिची शाई अक्षरात शिरते. त्यात पेपरचा कागद शाई पितो, प्रत्येक ठिपका फुगतो. देवनागरीत रफार, अनुस्वार, उकार आधीच बारीक. ते पहिले मरतात. म्हणून पांढरी अक्षरं हवीच असतील तर मागे फक्त काळ्या शाईचा १०० टक्के काळा ठेवा, अक्षर जाड आणि मोठं घ्या. नंबर तर पांढऱ्यावर काळाच बरा. आणि फोटोच्या गडद भागात चारही शायांची बेरीज (प्रत्येक शाई शंभरपैकी धरून) २४० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर चेहरे डांबर होतात.

जाहिरातीचे वर्कशॉप घेणारे १९५९ च्या फोक्सवॅगनच्या जाहिरातीतली ती मोकळ्या पानावरची चिमुकली कार दाखवतात. चांगलीच आहे. पण प्लेट सरकते हे त्यातल्या एकानेही मला सांगितलं नाही. सांगितलं ते प्रेसमधल्या मशीनमनने, रात्री दोनला, चहा पाजल्यावर. गुरू करायचा तर असा करा. तयार टेम्प्लेटच्या नादी लागू नका. त्यातल्या शेतकऱ्याच्या डोक्यावर पंजाबी पगडी आणि मागे गहू असतो. आपला कास्तकार ते पाहून पान उलटतो.

‘शुगर मुळासकट बरी’ छापाच्या जाहिराती घेऊन कुणी आलं तर सरळ नाही म्हणा. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्यात मधुमेहाचं नाव आहे, आणि जाहिरात प्रसिद्ध करण्यात हात असलेला कुणीही त्यात अडकू शकतो.

बाकी घाबरू नका. नागपूरच्या चित्रकला महाविद्यालयात गेला नसाल तरी हे काम येतं. चित्र काढता न येणारी माणसंही यात छान टिकली आहेत. फक्त फाइल पाठवताना फॉन्टचे कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांची चित्रं करून टाका, नाहीतर तिकडे जोडाक्षरं फुटतात. प्रूफची प्रिंट जाहिरात छापून येईल त्याच साइजमध्ये काढा, मालकाच्या हातात द्या आणि त्यावरचा नंबर तुमच्या फोनवरून त्यालाच बघून लावायला सांगा. फोन त्याच्याच खिशात वाजला तर सही घ्या.