मोज्याचं तोंड घट्ट होऊ नये म्हणून

पहिला मोजा छान विणून होतो आणि टाचेवर अडकतो, वर चढतच नाही. बहुतेक वेळा दोष पहिल्या ओळीचा असतो. टाके घट्ट घातले की पुढे कितीही सैल विणा, ती कड ताणत नाही.

दोन सुया एकत्र धरून टाके घालायची पद्धत आहे, पण त्याने टाके नुसते मोठे दिसतात. लवचीकपणा येतो तो दोन टाक्यांमधल्या धाग्यातून. म्हणून:

१. नेहमीच्याच सुईवर टाका घाला, त्याला लागून बोटाचं टोक टेकवा आणि पुढचा टाका बोटाच्या पलीकडे घाला. साधारण ३-४ मिलिमीटर अंतर पुरे.

२. गोलात जोडून २ सुलट, २ उलट अशा ८-१० फेऱ्या विणा.

३. टाके जाड दोऱ्यावर उतरवून पट्टी पायात घालून बघा. घोट्यापेक्षा टाच आणि पायाची वरची बाजू मिळूनचा घेर बराच मोठा असतो, तिथून ती सहज गेली पाहिजे. अडकली तर आत्ताच उसवा. एवढ्याच फेऱ्या जातील.

गोलात जोडण्याआधी सगळ्या टाक्यांची खालची कड एकाच बाजूला आहे ना, हे नक्की पाहा. पीळ राहिला तर मागाहून तो उसवल्याशिवाय निघत नाही.