सुचण्याची वाट न पाहता : कोल्हापुरात राहून नवनिर्मिती चालू कशी ठेवावी

‘काही सुचतच नाही’ अशी तक्रार करणाऱ्या माणसाकडे विषयांची टंचाई क्वचितच असते. बहुधा एकाच विषयापाशी पुरेसा वेळ थांबण्याची सवय त्याला नसते. म्हणून चित्र काढणाऱ्याने, कथा-कविता लिहिणाऱ्याने किंवा चाली बांधणाऱ्याने आधी घरापासून चालत जाता येईल असे एक ठिकाण निवडावे आणि निदान एक ऋतू उलटेपर्यंत ते बदलू नये. चित्रकार आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून कोल्हापुरास परतले, शाहू छत्रपतींचा आश्रय त्यांना लाभला, आणि तरीही कोटितीर्थ, रंकाळा, संध्यामठ हा हाकेच्या अंतरावरचा परिसरच ते पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. प्रहर बदलला, पाण्यावरचे ऊन बदलले की तेच तळे त्यांच्यासाठी नवे चित्र होत असे.

ठिकाण निवडताना त्याच्या सौंदर्यापेक्षा तेथे रोज काहीतरी घडते की नाही, हे पाहावे. रंकाळ्याचा सूर्यास्त नवख्याने काही काळ टाळलेलाच बरा, असे माझे स्पष्ट मत आहे. तो इतक्या वेळा टिपला गेला आहे की आपण पाण्याकडे पाहत असतानाही डोळ्यांसमोर दुसऱ्याने काढलेले छायाचित्रच उभे राहते. त्यापेक्षा गंगावेशीतील, म्हशीचे दूध समोर काढून देणारा दूध कट्टा, पापाची तिकटीजवळची चपलांची दुकाने, कुंभार गल्ली किंवा गळीत हंगामात गावाबाहेरचे एखादे गुऱ्हाळ अधिक देऊन जाते, कारण तेथे माणसे कामात असतात आणि कामातल्या माणसाचे हात खोटे बोलत नाहीत.

जाण्याची वेळ ठरलेली असावी. अंबाबाईच्या मंदिरात नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस किरणोत्सव होतो, तेव्हा मावळतीची किरणे देवीच्या चरणांपासून मुखापर्यंत पोहोचतील की आभाळातले ढग आणि हवेतील धूलिकण त्यांना वाटेतच अडवतील, हे आधी कोणालाच सांगता येत नाही. पण ज्यांना ती पाहायची असतात ते वेळेवर तेथे हजर असतात. कलावंतानेही तेवढेच करावे. मन प्रसन्न आहे का, आज काही मिळेल का, हे प्रश्न घरातून निघताना विचारू नयेत.

सोबत खिशात मावेल अशी वही ठेवावी. मोबाइलवर टिपले तरी चालते, परंतु त्यात एक अडचण आहे : फोटो काढला की पाहण्याचे काम संपले असे वाटू लागते. वहीत आपले विचार न लिहिता डोळ्यांना आणि कानांना जे कळले तेवढेच लिहावे. ‘पहाटे लोक ताजे दूध प्यायला आले होते, वातावरण छान होते’ हे टिपण दोन महिन्यांनी वाचल्यास त्यातून काहीही हाती लागत नाही. त्याऐवजी म्हशीच्या कासेखाली धरलेल्या ग्लासात फेस काठापर्यंत चढताच धार कशी थांबली, आणि गिऱ्हाइकाने पहिल्या घोटाआधी तो फेस वरच्या ओठाने कसा बाजूला सारला, हे लिहून ठेवले असेल तर त्यातून व्यक्तिरेखा उभी राहते, रेखाटन होते, एखादे वेळी कवितेची ओळही निघते. गुऱ्हाळात उकळत्या रसावरची मळी काढताना भेंडीच्या झाडाचा चिकट रस वापरतात, ही माहिती झाली. पण पाक कधी झाला हे ठरवणाऱ्या गुळव्याची नजर त्या वेळी काहिलीवर, म्हणजे रस उकळण्याच्या मोठ्या कढईवर, कशी खिळलेली असते आणि भोवतालची बडबड तेवढ्यापुरती कशी थांबते, हे टिपण झाले. दोन्ही लिहावे, मात्र दुसरे आधी लिहावे.

आठवड्यातून एकदा वही उघडून केवळ एक टिपण निवडावे आणि त्यावर काम सुरू करावे. बाकीची टिपणे वाया गेली असे मानू नये.

काम सुरू झाल्यावर उत्साह टिकवण्यासाठी साधनांवर मर्यादा घालून घेणे फार उपयोगी पडते. चित्रकार आणि चित्रपट-दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांनी १९१८ मध्ये कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, तेव्हा चित्रीकरणाचा कॅमेरासुद्धा येथेच, स्वतःच्या हाताने जुळवून तयार केला गेला, आणि १९२० मध्ये त्यांचा ‘सैरंध्री’ हा मूकपट पडद्यावर आला. अडचण समोर असली की मन आपोआप कामाला लागते. सर्व काही हाताशी असताना ते भटकते. म्हणून चित्रकाराने महिनाभर तीनच रंग वापरून पाहावेत आणि कथाकाराने एखादी कथा निव्वळ संवादांतून लिहून पाहावी. नवे महागडे साहित्य विकत आणल्यामुळे येणारा हुरूप आठवडाभरात ओसरतो, हे बहुतेकांना ठाऊक असते, तरीही दुकानाची पायरी चढल्याशिवाय राहवत नाही.

दिवसाचे काम थांबवताना ते पूर्ण संपवू नये. पुढचे वाक्य ठाऊक असताना लेखणी खाली ठेवावी, आकाश रंगवून झाले असेल तर झाडे दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवावीत. म्हणजे सकाळी कोऱ्या कागदापुढे बसण्याची वेळ येत नाही.

एवढे करूनही कोरडे दिवस येतातच. अशा दिवसांत नवे काही निर्माण करण्याचा हट्ट सोडून हात चालू ठेवावा. गाणारे लोक याला रियाज म्हणतात आणि त्याची लाज बाळगत नाहीत. लिहिणारे व रंगवणारे मात्र उगाच बाळगतात. टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात किंवा राजारामपुरीतील चंद्रकांत मांडरे कलादालनात जाऊन एकाच चित्रासमोर अर्धा तास बसावे आणि छाया कोठे संपते, उजेड कोठून येतो, एवढेच वहीत उतरवावे. लेखकाने करवीर नगर वाचन मंदिरात बसून आवडत्या गद्याचे एखादे पान हाताने उतरवून काढावे, कारण नुसते वाचताना निसटणारी वाक्याची लांबी आणि विरामांची जागा लिहिताना बोटांना कळते.

राहिला प्रश्न काम दाखवण्याचा. अर्धवट काम मित्रांच्या कट्ट्यावर किंवा समाजमाध्यमांवर मुळीच दाखवू नये. तेथे मिळालेली ‘लई भारी’ ही दाद इतकी सुखावते की पुढे काम करण्याची निकड उरत नाही. पहिला खर्डा पूर्ण झाल्यावर तो एकाच जाणत्या माणसाला द्यावा आणि ‘कसे वाटले?’ असे न विचारता ‘कोठे कंटाळा आला?’ असे विचारावे. उत्तर ऐकताना समर्थन करू नये, घरी येऊन त्या जागेवर पेन्सिलीने खूण करावी आणि दुरुस्ती दोन दिवसांनीच हाती घ्यावी.