‘सनलेस सी’ नव्याने खेळताय? आधी दिव्याचा हिशोब समजून घ्या

पहिला कॅप्टन मरणारच, हे धरून चला. दुसराही बहुतेक मरेल. फेलबेटर गेम्सच्या या २०१५ च्या व्हिडिओ गेममध्ये वटवाघळांनी अख्खं लंडन उचलून जमिनीखालच्या अफाट गुहेत आणून ठेवलंय, आणि तिथल्या काळ्या समुद्रावर तुम्हाला वाफेची एक जुनाट बोट देऊन सोडून देतात. एवढं तुम्हाला ठाऊक असेलच, म्हणून बटणं कोणती दाबायची ते सांगत बसत नाही.

मला सांगायचंय ते दिव्याबद्दल. बोटीच्या पुढच्या टोकाला दिवा असतो. तो लावला की इंधन जास्त जळतं आणि शत्रूंनाही तुम्ही लांबून दिसता. विझवला की इंधन वाचतं. खोलीतून बाहेर पडताना पंखा बंद करायची सवय लागलेल्या घरातला माणूस इथे काय करणार? दिवा विझवणार. माझे सुरुवातीचे कॅप्टन असेच काळोखात टुकटुक करत जायचे आणि इंधनाचा काटा बघून मी खूश व्हायचे.

पण त्याच वेळी टेरर, म्हणजे बोटीवरच्या भीतीचा आकडा, चढत असते. दिवा विझलेला असेल तर भराभर, लावलेला असेल तर हळू. किनाऱ्याजवळ किंवा पाण्यावर तरंगणाऱ्या उजेडाच्या बोयाजवळ ती चढायची थांबते. शंभरला पोचली की खलाशी बंड करतात, आणि तिथे बहुतेकांचा कारभार आटोपतो. आता खरी मेख बघा. इंधन लंडनमध्ये दहा एकोला (एको म्हणजे खेळातलं चलन) पिंपभर मिळतं. टेरर उतरवण्याचं असं दुकान कुठेच नाही. लंडनच्या बिऱ्हाडात विश्रांती, काही बंदरांवरचे काही प्रसंग, एवढेच मार्ग, आणि तेही हवे तेव्हा उघडे नसतात. म्हणजे दिवा विझवून तुम्ही स्वस्त वस्तू वाचवता आणि महाग वस्तू उधळता.

अजून एकदा सांगते, कारण हे कळूनही वळत नाही. जाताना आपण इंधन बघतो, रसद बघतो. दोन्ही निम्म्याच्या वर आहेत, म्हणजे अजून एक बेट पुढे जाऊ. टेरर तेव्हा पंचेचाळीसवर असते. पंचेचाळीस म्हणजे निम्म्याच्या आत, असं वाटतं. पण परतीच्या वाटेवर पुन्हा तेवढीच चढणार, वर एखादा वाईट प्रसंग घडला की आणखी. इंधनाचं प्रत्येक पिंप संपताना दिसतं, म्हणून नजर तिकडेच राहते. टेररचा त्रास जाणवायला लागतो तेव्हा लंडन फार लांब असतं. खलाशी बंड करतात तेव्हा वाचवलेलं इंधन बोटीच्या तळाशी तसंच पडलेलं असतं! माझा नियम साधा आहे: टेरर चाळीसला आली की बोट वळवायची, पुढे कितीही मोहाचं बेट असो. दिवा विझवायचा तो चाचे किंवा एखादं मोठं जनावर जवळ असताना, तेही ते मागे पडेपर्यंतच.

घाबरू नका, हे एकदा अंगवळणी पडलं की बाकीचा खेळ तितका निर्दय नाही. लंडनजवळची ठिकाणं फारशी हलत नाहीत. उत्तरेला व्हेंडरबाइट, पूर्वेला हंटर्स कीप (तिघी बहिणींच्या घरी नक्की जा, पण सावध राहा). सुरुवातीला एवढ्यातच घुटमळा. लांबची बेटं मात्र नव्या कॅप्टनबरोबर जागा बदलू शकतात, त्यामुळे दुसऱ्या खेळाडूचा पूर्ण नकाशा समोर ठेवून निघणाऱ्यांचं मला हसू येतं. त्यापेक्षा बोटीवरचं वटवाघूळ सोडा. जमीन कुठल्या दिशेला आहे ते ते येऊन सांगतं.

पैशांचं म्हणाल तर व्यापाराच्या नादी लागू नका. एका बंदरात घेऊन दुसऱ्यात विकण्यातला फायदा इंधनातच जातो, शिवाय सुरुवातीच्या बोटीत जागा चाळीस नगांची आणि इंधन, रसद, माल सगळं त्यातच. बंदराला लागलात की पोर्ट रिपोर्ट, म्हणजे त्या बंदराची खबर, घ्या, लंडनला ॲडमिरल्टीत (नौदलाच्या कचेरीत) द्या. लांबच्या बंदराच्या रिपोर्टला जास्त मिळतात. हे पैसे थोडे वाटतात, पण ते बुडत नाहीत. नवी ठिकाणं सापडली की मिळणारे फ्रॅगमेंट्स, म्हणजे माहितीचे तुकडे, हेही जपा, ते पुरेसे साठले की त्यातून सीक्रेट (गुपित) तयार होतं आणि ते अधिकाऱ्यांना दिलं की तुमचे गुण वाढतात.

मधेच सेव्ह करून खेळणं म्हणजे चोरी, असं मला एका जाणत्या खेळाडूने ऐकवलं होतं. खेळात सोय दिली आहे, ती वापरली की फक्त एक मानचिन्ह जातं, बाकी काही बिघडत नाही. दिवसभर काम करून रात्री तासभर बसणाऱ्याने कुणासमोर मर्दुमकी दाखवायची? खुशाल सेव्ह करा. व्हिडिओ बघून गोष्टींची उत्तरं मात्र शोधू नका. हा खेळ मुळात वाचायचा आहे, जुन्या वळणाचं इंग्रजी आहे, पहिले काही दिवस शब्दकोश लागेल. लागू दे. जे भराभर क्लिक करत सुटतात त्यांना आपण कशाने मेलो तेही कळत नाही.

शेवटी, मराल तेव्हाची सोय. बिऱ्हाड असेल तर मृत्युपत्र करून ठेवा, पुढच्या कॅप्टनला ते बिऱ्हाड आणि जपलेल्या वस्तू मिळतात. पुढच्या कॅप्टनला जुन्याकडून काय मिळावं ते खेळ विचारतो; हा वारसा निवडताना ‘करस्पॉन्डंट’ हा पर्याय घेतला तर तुमचा नकाशा पुढे चालू राहतो. दुसऱ्या कॅप्टनसाठी मी तोच घ्यायला सांगेन. बेटं आधीच सापडलेली असल्यामुळे त्यांचे फ्रॅगमेंट्स पुन्हा मिळणार नाहीत, हे खरं. पण कुठल्या दिशेला उजेड आहे हे माहीत असलेला माणूस जास्त लांब जातो. तिसऱ्यापासून नकाशा टाकून द्या आणि मोकळ्या समुद्रात निघा. दिवा लावून.