भजन-ओव्यांची रेकॉर्डिंग दुसऱ्या फॉरमॅटमध्ये नेताना

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत भजनी मंडळांची, हरिपाठाची आणि जात्यावरच्या ओव्यांची रेकॉर्डिंग आता बहुतेक मोबाइलमध्येच असतात. ती देवळातल्या ॲम्प्लिफायरला पेन ड्राइव्ह लावून वाजवायची म्हटले की अडचण सुरू होते. व्हॉट्सॲपवर बोलून पाठवलेला संदेश ओपस फॉरमॅटमध्ये (फॉरमॅट म्हणजे आवाज साठवण्याच्या फाइलचा प्रकार) असतो, आयफोनवरचे रेकॉर्डिंग एम४ए असते, जुन्या बटणांच्या मोबाइलमधले बऱ्याचदा एएमआर असते; साध्या ॲम्प्लिफायरला मात्र एमपी३चीच खात्री देता येते. फाइलच्या नावाचा शेवट बदलून तेथे ‘एमपी३’ लिहिल्याने आतला आवाज बदलत नाही, तो रूपांतरितच करावा लागतो.

त्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. वेव्ह आणि फ्लॅक हे फॉरमॅट आवाजातले काहीही टाकून देत नाहीत. एमपी३, एम४ए, ओपस आणि एएमआर हे सहसा जागा वाचवण्यासाठी कानाला कमी जाणवणारा भाग गाळतात, आणि एकदा गाळलेले पुन्हा मिळत नाही. म्हणून एमपी३वरून एम४ए आणि त्यावरून पुन्हा एमपी३ असे करत गेल्यास प्रत्येक फेरीत थोडी झीज होते. भजनात ती सर्वांत आधी टाळांत ऐकू येते: बिटरेट (एका सेकंदाच्या आवाजासाठी किती माहिती साठवली जाते ते माप) कमी असला की टाळांचा खणखणीत नाद पाण्यात बुडवल्यासारखा सळसळतो, मृदंग मात्र बराच काळ शाबूत वाटतो. ओव्यांचे दुखणे वेगळे आहे. साध्या एएमआरमध्ये आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुनेच घेतलेले असल्यामुळे जात्याची घरघर राहते, पण ‘स’ आणि ‘श’ यांची धार बोथट होते. अशा फाइलचे ३२० केबीपीएसचे (किलोबिट प्रति सेकंद, हे बिटरेटचे एकक) एमपी३ केले तरी ती धार परत येत नाही, फक्त फाइल जड होते. म्हणूनच मोबाइलमधून निघालेली पहिली फाइल, ती कितीही साधी असो, कधीही पुसू नये. कानडी शब्द सहज मिसळलेल्या आपल्याकडच्या ओव्या म्हणणाऱ्या बायका आता थकल्या आहेत. त्यांचा आवाज पुन्हा रेकॉर्ड करता येईलच असे नाही.

रूपांतरासाठी संगणकावर ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर घ्यावे. एम४ए आणि एएमआर उघडण्यासाठी त्याला एफएफएमपेग ही जोड लागते. मूळ फाइलची नक्कल करून ती ‘फाइल’ मेनूतल्या ‘इम्पोर्ट’मधून उघडावी, सुरुवातीची खडखड किंवा शेवटचे बोलणे कापायचे असल्यास येथेच कापावे, आणि मग ‘एक्स्पोर्ट ऑडिओ’ निवडून आधी फ्लॅक व नंतर त्याच उघड्या कामातून एमपी३ काढावे. म्हणजे पुढे कधी वेगळा फॉरमॅट लागला तर तो फ्लॅकवरून करता येतो, एमपी३ची झीज त्यात उतरत नाही.

एमपी३साठी टाळ-मृदंगाच्या भजनाला १९२ केबीपीएस स्टिरिओ (डावा-उजवा असे दोन वेगळे आवाज) ठेवावे. एकट्या आवाजातल्या ओवीला किंवा प्रवचनाला ६४ केबीपीएस मोनो (दोन्हीकडे एकच आवाज) पुरते. बिटरेटचा प्रकार ‘कॉन्स्टंट’ निवडावा, कारण बदलत्या बिटरेटच्या फाइलची वेळ काही स्वस्त प्लेअर चुकीची दाखवतात. जागेचा अंदाज घ्यायचा तर सीडीच्या दर्जाचे स्टिरिओ वेव्ह मिनिटाला साधारण १० एमबी घेते आणि १२८ केबीपीएसचे एमपी३ जेमतेम १ एमबी. शिवाय साध्या वेव्ह फाइलला ४ जीबीची मर्यादा असते, त्यामुळे रात्रभराचा एकादशीचा जागर एकाच फाइलमध्ये ठेवायचा असेल तर फ्लॅकच सोयीचे.

फक्त फॉरमॅट बदलायचा असेल, कापाकापी नको असेल, तर व्हीएलसी या मोफत प्लेअरच्या ‘मीडिया’ मेनूतले ‘कन्व्हर्ट / सेव्ह’ पुरेसे आहे. तेथे नव्या फाइलला वेगळे नाव द्यावे आणि बिटरेट किती आहे हे आधी पाहून घ्यावे.

जपून ठेवायच्या फाइलच्या नावात गाव, म्हणणाऱ्यांचे नाव आणि तारीख देवनागरीत लिहावी, परंतु पेन ड्राइव्हवरच्या नकलेला रोमन अक्षरे आणि आकडेच द्यावेत, कारण ॲम्प्लिफायरच्या लहान पडद्यावर मराठी अक्षरांच्या जागी अनेकदा नुसते चौकोन उमटतात. पेन ड्राइव्ह फॅट३२ या फाइल साठवण्याच्या पद्धतीने तयार (फॉरमॅट) केलेला असावा. कुणाला व्हॉट्सॲपवर पाठवायचे असल्यास फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, म्हणजे ती जशीच्या तशी पोहोचते. आणि नवी फाइल मंडळाच्या हाती देण्यापूर्वी हेडफोन लावून टाळांचा सर्वांत जोराचा भाग आणि अगदी शेवटचे मिनिट मूळ फाइलशी ताडून ऐकावे. रूपांतर मध्येच तुटले असेल तर ते शेवटीच कळते.